चार चौकटींच्या दप्तराविषयी : मराठी दैनिकांच्या संपादकांस खुले पत्र

मराठी दैनिकांच्या सर्व सन्माननीय संपादकांस,



हे पत्र एका विनंतीसाठी आहे, आणि ती विनंती आरंभीच मांडणे जुन्या शिरस्त्यास धरून होईल. आपल्या दैनिकांतून आजवर प्रसिद्ध झालेल्या हास्यचित्रमालिकांचे, आणि त्यांतही विशेषेकरून ‘चिंटू’चे, तारीखवार, अखंड आणि सामान्य वाचकास पाहता येईल असे दप्तर आपण सर्वांनी मिळून सिद्ध करावे, एवढेच माझे मागणे आहे. अग्रलेखांचे संग्रह निघतात, गाजलेल्या सदरांची पुस्तके होतात, व्याख्यानांचे वृत्तान्त कोणाच्या तरी प्रबंधात तळटीप होऊन राहतात. परंतु ज्या चार चौकटींकडे कित्येक घरांत सकाळच्या चहाबरोबर पहिली नजर जाते त्या चौकटी दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात, आणि ज्या मजकुरावर वाचकाने सर्वांत अधिक जीव लावला तोच सर्वांत आधी बेवारस होतो, ही गोष्ट मला फार दिवस सलत आली आहे.

मी शारजा येथे राहते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी यजमानांच्या नोकरीनिमित्त या देशात आले, त्या वेळी मराठी वृत्तपत्र येथे पोहोचलेच तर कोणा प्रवाशाच्या हातपिशवीतून, शिळे होऊन पोहोचे. टपाल घरपोच येण्याची वहिवाट येथे नसल्यामुळे आमची पत्रे यजमानांच्या कंपनीच्या पेटी क्रमांकावर येत, आणि त्यांत महिन्याकाठी पुण्याहून एक जाड लिफाफा असे. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडे अण्णा म्हणत असू, ते मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ होते. १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये श्री. चारुहास पंडित आणि कै. प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला, आणि थोड्याच दिवसांत अण्णांनी त्याचे कात्रण काढून ठेवण्याचा परिपाठ घातला. घरातील सर्वांचे वाचून झाल्याखेरीज कात्री लावावयाची नाही, समासात काळ्या शाईने तारीख घालावयाची, महिना भरला की गठ्ठा दोऱ्याने बांधून मला रवाना करावयाचा आणि त्याची नोंद जावक बारनिशीत करावयाची, असा त्यांचा काटेकोर नियम होता. वृत्तपत्रांस सुटी असल्याने एखाद्या दिवशी अंक निघाला नाही, तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘अंक नाही, सबब कात्रण नाही’ असा शेरा लिहून ती चिठ्ठी गठ्ठ्यात त्या तारखेच्या जागी घातलेली असे, म्हणजे काही गहाळ झाले असा संशय शारजेत कोणास येऊ नये.

त्या कात्रणांची मागची बाजूही आम्ही वाचत असू. लासलगावच्या कांद्याचे भाव, एखाद्या श्रद्धांजलीच्या छायाचित्राचा अर्धा भाग, नाट्यगृहातील रविवारच्या प्रयोगाची वेळ, पाणीकपातीची सूचना. कात्री जिथे फिरली तिथे ओळ तुटलेली. माझी कन्या त्या वेळी लहान होती. तिला मागील मजकुराशी कर्तव्य नव्हते. परंतु पुण्याच्या एका विवक्षित सकाळचा तुकडा आपल्या हातात आहे याची जाणीव मला त्या तुटलेल्या ओळींनीच होई, आणि चिंटूच्या चौकटी त्या सकाळपासून वेगळ्या काढता येत नाहीत हे माझ्या मनात तेव्हापासून पक्के बसले.

हीच माझ्या विनंतीची मूळ सबब आहे. ‘चिंटू’ची संकलने पुस्तकरूपाने निघाली आहेत, त्याच्यावर २०१२ व २०१३ साली चित्रपटही निघाले, मग आणखी दप्तर कशास, असे आपणांपैकी कोणी विचारील. पुस्तके माझ्याजवळ आहेत आणि ती मला प्रिय आहेत. परंतु दररोजच्या चित्रमालिकेचे सामर्थ्य ती दररोजची असण्यात असते. मे महिन्याच्या सुट्टीत चिंटू आणि त्याची मित्रमंडळी, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा, चिमुकला सोनू, दिवसभर उन्हात खेळत असत, आणि त्याच दिवसांत माझी कन्या येथील भारतीय शाळेत परवचा म्हणत असे, कारण या देशातील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात पडते. जुलैत चिंटू छत्री घेऊन, दप्तर सांभाळीत शाळेस निघे, तेव्हा येथे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असे, आणि आम्ही बंद खिडक्यांच्या आत बसून, समुद्राच्या दमट वाफेने बाहेरून धुरकट झालेल्या काचेकडे पाहत, पुण्याच्या पावसाचे कात्रण वाचीत असू. महाराष्ट्राचा ऋतुक्रम माझ्या मुलीला पाठ्यपुस्तकाने शिकविला नाही. तो तिला कैऱ्या, पहिला पाऊस, गणपती, दिवाळीचा किल्ला, थंडीतील स्वेटर आणि परीक्षा या क्रमाने चिंटूने शिकविला. एका दिवाळीत तिने सज्जात किल्ला करण्याचा हट्ट धरला. वाळूचे बुरूज उभे राहीनात, तेव्हा रोपवाटिकेतून मातीची पिशवी आणली, किल्ल्यावर अळीव पेरले, आणि ते उगवल्यावर शेजारचे मल्याळी व मिसरी मुलगे पाहावयास आले. निवडक चित्रांच्या पुस्तकात हा क्रम राहत नाही. तेथे पावसाचे चित्र उन्हाळ्याच्या चित्राशेजारी येते, तारीख गळून पडते, आणि जे चित्र संपादकास सामान्य वाटले, परंतु एखाद्या मुसळधार दिवशी घरी अडकलेल्या वाचकास ज्याने सोबत केली, ते चित्र मुळात निवडलेच जात नाही.

आम्हां वाचकांची ही आवड बाळपणाच्या आठवणीपुरती आहे असे समजण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाही. चित्रमालिकेतील माणसे वयाने वाढत नाहीत, आणि वाचक वाढतो. म्हणून तीच मालिका त्याला आयुष्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर निरनिराळी भेटते. कन्येबरोबर वाचताना प्रथम आमचा दोघींचा पक्ष चिंटूचाच असे. पुढे केव्हातरी माझे लक्ष चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे जाऊ लागले. तिच्या कपाळावरील एका आठीत, हातातील उलथन्यात, चौथ्या चौकटीत तिने न बोललेल्या वाक्यात मला माझ्या स्वतःच्या संसाराची ओळख पटू लागली. शेजारच्या जोशीकाकूंचा राग मुलीला अन्याय्य वाटे, मला तो हळूहळू न्याय्य वाटू लागला. वाडेकरांची वाक्ये इतकी मितभाषी असत आणि पंडितांची रेषा इतकी निःसंदिग्ध, की एवढ्याशा जागेत एक संबंध कुटुंब आपापल्या स्वभावानिशी उभे राही, आणि त्यांतील प्रत्येकाच्या बाजूने विचार करण्यास वाचकाला वाव राही. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांनी १९५० ते २००० अशी पन्नास वर्षे ‘पीनट्स’ ही मालिका एकहाती चालविली, तिची १७,८९७ चित्रे काढली, आणि जवळजवळ दरवर्षी शरद ऋतूत लूसी नावाची मुलगी चार्ली ब्राऊनच्या पायाखालून ऐन वेळी चेंडू काढून घेते हा एकच प्रसंग पुनःपुन्हा रंगविला. पुढे काय होणार हे प्रत्येक वाचकास ठाऊक असे, आणि तरीही तो त्या दिवसाची वाट पाहत असे, कारण गोष्ट ठाऊक असलेल्या माणसालाच तिच्यातील सूक्ष्म फरक दिसतात. शुल्झ यांचे देहावसान झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे अखेरचे रविवारचे चित्र छापून आले. त्यांच्या मालिकेचे सर्व भाग २००४ ते २०१६ या काळात तारखेच्या क्रमाने, एकही न गाळता, ग्रंथरूपाने निघाले. मराठीत असे का होऊ नये?

माझ्या पिढीपुरते बोलावयाचे तर चिंटूच्याही आधी आम्हांला वेताळ भेटला. ली फॉक यांची ही मालिका अमेरिकेतील दैनिकांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली, आणि मार्च १९६४ पासून टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ती इंग्रजीबरोबर मराठीतही घरोघर पोहोचली, मँड्रेक आला, पुढे १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्मिलेला बहादूर आला. मूळ चित्रे दैनिकाच्या तीन चौकटींच्या पट्टीसाठी काढलेली असत. ती कापून, कोठे कडेने वाढवून, कोठे छाटून पुस्तकाच्या पानावर बसविली जात. मूळ मालिकेत वेताळाच्या पूर्वजाचे वैरी असलेले ‘सिंग’ चाचे इंद्रजालमध्ये ‘सिंगा’ झाले, त्याचा ‘बंगाला’ देश ‘डेंकाली’ झाला. भारतीय वाचकाची भावना दुखावू नये म्हणून हे बदल कोणीतरी विचारपूर्वक केले. यात नवस्वतंत्र देशातील एका प्रकाशन कचेरीच्या मनोवृत्तीचा केवढा मौल्यवान दाखला आहे! हा दाखला आज उपलब्ध आहे तो कोणत्याही सरकारी दप्तरामुळे नव्हे. ते प्रकाशन १९९० मध्ये बंद पडले, आणि त्याचे आठशेच्या वर अंक माळ्यावरील पत्र्याच्या पेट्यांत सांभाळून ठेवणाऱ्या वाचकांमुळे हे बदल आपणांस पडताळून पाहता येतात. जतन करणे ज्यांचे कर्तव्य नव्हते त्यांनी ते प्रेमाने केले. ज्यांच्या हाती साधने आहेत त्यांनी ते व्यवस्थेने करावे, इतकेच मी म्हणते.

ज्या देशात मी राहते तेथील उदाहरण सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. अबुधाबीच्या ‘अल्-इत्तिहाद’ या अरबी दैनिकाच्या प्रकाशनसंस्थेने २८ फेब्रुवारी १९७९ रोजी मुलांसाठी ‘माजिद’ हे साप्ताहिक काढले. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध नाखवा अहमद इब्न माजिद, जो येथून जवळच्या जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा, त्याच्यावरून हे नाव आले. त्या वेळी या राष्ट्राच्या स्थापनेस आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. इजिप्तमधील नामांकित चित्रकारांनी त्यासाठी चित्रमालिका रेखाटल्या. महाआळशी कसलान, हुशार झकिया, पोलिस अधिकारी खलफान आणि त्याचा सहायक फहमान ही पात्रे आखाताच्याही पलीकडे अरब घरांत परिचित झाली. प्रत्येक अंकात फदूली नावाचे एक छोटे पात्र कोठेतरी लपवून काढलेले असते आणि वाचकाने ते शोधावयाचे असते. येथील शाळांत परदेशी मुलांनाही अरबी अनिवार्य आहे. माझ्या कन्येला ती लिपी उजवीकडून डावीकडे गिरविण्याचा मनस्वी कंटाळा येई. तिच्या अरबीच्या बाईंनी एके दिवशी ‘माजिद’चा अंक हाती दिला, आणि फदूलीच्या शोधात पानन् पान न्याहाळताना तिची अक्षरओळख कधी पक्की झाली हे आम्हांला कळलेदेखील नाही. त्या बाई स्वतः लहानपणी हाच अंक वाचून मोठ्या झालेल्या होत्या. खजुराच्या झाडाखाली बसलेल्या कसलानविषयी बोलताना त्यांच्या मुद्रेवर जे ममत्व उमटले ते पाहून मला अण्णांचा कात्रण धरलेला हात आठवला. पुढे २०१५ मध्ये याच नावाची मुलांची दूरचित्रवाहिनीही सुरू झाली. एका साप्ताहिकाला त्याच्या भूमीने आपल्या कुटुंबातील घटकाप्रमाणे वागविले, याचा मला हेवा वाटतो. दुबईच्या खाडीलगत अल-जद्दाफ येथे २०२२ साली मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय उघडले, ग्रंथ ठेवावयाच्या लाकडी रेहलसारखी त्याची इमारत आहे, आणि तेथे नियतकालिकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी मी गेले की मराठी दैनिकांचा विचार मनात येतोच.

आपला समाज दप्तराच्या बाबतीत उदासीन आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. त्या कागदांत केवळ तहनामे नाहीत. स्वारीतील शिधा, कोणा कारकुनाची रजा, लग्नाचा आहेर, असल्या बारीकसारीक नोंदीही आहेत, आणि आज इतिहासकार त्यांच्याच आधारे त्या काळातील माणसांचे जगणे उभे करतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील मध्यमवर्गीय घरात दूरध्वनी केव्हा आला, संगणक केव्हा आला, मुले कोणते खेळ खेळत, आई कोणत्या गोष्टीस नाही म्हणे, आजोबांना घरात कोणते स्थान होते, हे उद्या कोणास जाणून घ्यावयाचे असेल तर त्याने ‘चिंटू’च्या दप्तराइतका विश्वसनीय कागद कोठे शोधावा? आणि ते दप्तर एका कचेरीत पूर्ण मिळणार नाही, कारण ‘सकाळ’मध्ये सुरू झालेली ही मालिका पुढे ‘लोकसत्ता’तही आली. म्हणूनच हे पत्र मी एका संपादकास न लिहिता आपणां सर्वांस लिहीत आहे.

हयगय झाली म्हणजे काय होते याचा दाखला अमेरिकेतच आहे. तेथील मोठमोठ्या ग्रंथालयांनी जुन्या दैनिकांची सूक्ष्मचित्रफीत काढून घेतल्यावर जागेच्या अडचणीपायी मूळ बांधीव खंड मोडीत काढण्यास प्रारंभ केला. फितीवर अक्षर कसेबसे उतरले, परंतु रविवारच्या पानांचा रंग गेला आणि रेषेचा जिवंतपणा गेला. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका कॅलिफोर्नियातील गृहस्थाने ते खंड आपणांस द्यावेत अशी मागणी केली. खाजगी व्यक्तीस ते देण्याची मुभा नाही असे उत्तर आले, तेव्हा त्याने १९६८ साली सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्वतःच्या घरात रीतसर संस्था नोंदवून ते खंड ताब्यात घेतले, आणि पुढील तीस वर्षे त्यांतून चित्रमालिका तारीखवार कापून लावण्यात घालविली. अखेरीस हा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाने घेतला, त्या वेळी तो पंचाहत्तर टन भरला, तो नेण्यास सहा मालमोटारी लागल्या, आणि त्यातील कात्रणांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात होती. आज जुन्या अमेरिकन चित्रमालिकांची जी सुंदर पुनर्मुद्रणे निघतात त्यांतील कितीतरी या एका माणसाच्या घरातील कागदांवरून निघाली आहेत. एकट्या माणसावर हा भार पडावा हे मला उचित वाटत नाही.

आणखी एक गाऱ्हाणे, आकाराविषयी. जाहिरातीस जागा हवी म्हणून चित्रमालिका आक्रसत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे भुवयांची रेषा शाईत बुजून जाते; मग चौथ्या चौकटीतील चेहरा रागावला आहे की ओशाळला आहे हे वाचकाने ओळखावयाचे कसे? ‘कॅल्विन अँड हॉब्स’चे चित्रकार बिल वॉटरसन यांनी याच प्रश्नावर आपल्या वितरकांशी झगडून, १९९२ पासून रविवारचे चित्र संपादकांस मोडतोड करता येणार नाही अशा अखंड अर्ध्या पानाच्या स्वरूपात देण्याचा हक्क मिळविला. त्यानंतरची त्यांची चित्रे पाहिली म्हणजे जागा मिळाल्यावर कलावंत काय करू शकतो हे दिसते. ती मालिका १९९५ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी स्वेच्छेने थांबविली, आणि येथील तरुण मुले ती आजही वाचतात. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मराठी चित्रांची तर याहून वाईट अवस्था आहे: चित्रकाराची सही छाटलेली, तारीख पुसलेली, आणि खाली कोणा तिऱ्हाइताचे नाव डकविलेले. आपल्या दप्तरातून अस्सल प्रत निघाली तर या प्रकारास आपोआप आळा बसेल, आणि नव्या मराठी चित्रकारासही आपले रोजचे काम उद्या कोठे तरी राहणार आहे हा दिलासा मिळेल. ज्या तरुणांच्या अंगी हे कसब आहे त्यांना आज दैनिकांत नियमित जागा आणि नियमित मोबदला, दोन्हींची वानवा आहे, हे आपणांस मी सांगावे असे नाही.

तेव्हा तजवीज अशी व्हावी असे सुचविते: प्रत्येक दैनिकाने आपल्या फायलींतील चित्रमालिका मूळ आकारात आणि प्रसिद्धीच्या तारखेनिशी प्रतिमारूपात उतरवाव्यात, चित्रकार-लेखकांची संमती व त्यांचा मोबदला प्रथम ठरवावा, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या जुन्या, विश्वासार्ह संस्थेत ते सर्व एकत्र ठेवावे. खर्चाची अडचण निघाली तर आखातातील मराठी मंडळी हात आखडता घेणार नाहीत. गणेशोत्सवासाठी आणि नाटकांच्या दौऱ्यांसाठी त्यांनी कधी तो घेतल्याचे मी पाहिलेले नाही.

अण्णांनी पाठविलेले गठ्ठे माझ्याकडे त्यांच्या मूळ दोऱ्यांनिशी आहेत, आणि त्यांची जावक बारनिशी माझ्या भावाकडे पुण्यास आहे. आपल्या फायलींत ज्या तारखा फाटलेल्या, वाळवीने खाल्लेल्या अथवा गहाळ असतील त्यांची यादी आपण प्रसिद्ध करावी. माझ्याकडील कात्रणांशी ती ताडून, जी मिळतील ती मी पुण्यास येणाऱ्या माणसाबरोबर आपल्या कचेरीत पोहोचती करीन. पोच मात्र तारखेनिशी मिळावी. मजसारखे इतर वाचक नागपुरास, बेळगावास, पणजीस, इंदुरास आणि मस्कतला आहेत, त्यांनीही आपापले गठ्ठे सोडून तारखा लावावयास घ्याव्यात, अशी त्यांना या पत्राद्वारे माझी प्रार्थना आहे.



आपली नम्र,
शारजा येथील एक मराठी वाचक